यू-बूटमध्ये मॅक अ‍ॅड्रेस बसवण्याची पद्धत: सोलापूरच्या मागावरील बोर्डांच्या उदाहरणासह

समजा, सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी आपण चोवीस बोर्ड तयार करत आहोत. प्रत्येक मागावर एक बोर्ड बसेल, तो पिक (विणीत पडलेले आडवे धागे) मोजेल, धागा तुटून माग किती वेळ थांबला ते नोंदवेल आणि ही माहिती ईथरनेटच्या केबलवरून ऑफिसातल्या संगणकाकडे पाठवेल. पहिला बोर्ड नीट चालला की त्याच्याच मेमरी कार्डाची नक्कल करून उरलेले तेवीस तयार करण्याचा मोह होतो. तसे करून सगळे बोर्ड शेडमध्ये जोडले, तर ऑफिसातल्या पडद्यावर चोवीस मागांऐवजी एकच माग दिसण्याची आणि त्याचे आकडे कधी पुढे तर कधी मागे उड्या मारण्याची शक्यता दाट असते. अशा वेळी केबल तपासली जाते, स्विच (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारी पेटी) बदलला जातो, तरी दोष सापडत नाही, कारण कार्डाबरोबर त्यावर साठवलेल्या पत्त्याचीही नक्कल झाल्याने चोवीसही बोर्ड नेटवर्कवर एकच मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवर यंत्राची ओळख पटवणारा पत्ता) सांगत असतात. एखाद्या पत्त्याची शेवटची फ्रेम (माहितीचा तुकडा) ज्या पोर्टवरून आली त्याच पोर्टवर तो पत्ता आहे असे स्विच धरून चालतो, आणि आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे क्रमांक, वाटणारा डीएचसीपी सर्व्हरही एका मॅक अ‍ॅड्रेसला सहसा एकच आयपी देतो. त्यामुळे ज्या बोर्डाने शेवटी तोंड उघडले त्याच्याकडे सगळी वाहतूक वळते आणि बाकीचे काही क्षण गप्प होतात.

अशा छोट्या बोर्डांवर बहुधा यू-बूट हा बूटलोडर, म्हणजे वीज मिळताच चालून लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम, असतो. वोल्फगांग डेंक यांनी पॉवरपीसी प्रोसेसरसाठी सुरू केलेल्या पीपीसीबूट या प्रकल्पातून तो वाढला आणि २००२ साली त्याला आजचे नाव मिळाले. पुढील विवेचन यू-बूटपुरतेच आहे. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या असल्या तरी बोर्डावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि शब्दांमध्ये एकेक जागा सोडून टाइप करायच्या असतात.

पत्ता ठरवणे

मॅक अ‍ॅड्रेस ४८ बिटांचा असतो आणि तो षोडशमान पद्धतीत (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांत), दोन-दोन अंकांच्या सहा जोड्या विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी तोडून लिहितात. पहिल्या जोडीतील सर्वांत खालचे बिट १ असेल तर तो पत्ता एका यंत्राचा नसून समूहाचा ठरतो आणि यू-बूट तो स्वीकारत नाही. त्यामुळे पहिल्या जोडीचा दुसरा अंक कधीही विषम असू नये. त्याच्या लगतचे बिट १ असेल तर तो पत्ता स्थानिक पातळीवर ठरवलेला आहे असा अर्थ होतो. म्हणजे पहिल्या जोडीचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता आपण आपल्या आवारात कोणाचीही परवानगी न घेता वापरू शकतो. सहाही जोड्या शून्य असलेला पत्ताही बाद धरला जातो.

जागतिक पातळीवर एकमेव असलेले पत्ते आयट्रिपलई या संस्थेकडून गटाने विकत घ्यावे लागतात. मोठ्या गटात १,६७,७७,२१६ पत्ते असतात, मधल्या गटात १०,४८,५७६ आणि लहान गटात ४,०९६. एकाच कारखान्याच्या बंद नेटवर्कसाठी चोवीस बोर्ड करणाऱ्याला यातील काहीही घेण्याची गरज नाही; स्थानिक पत्ते पुरेसे आहेत. मात्र बोर्ड गिऱ्हाइकांना विकायचे असतील आणि ते कोणत्या नेटवर्कवर जाऊन बसतील हे आपल्या हातात नसेल, तर लहान गट विकत घ्यावा किंवा पुढे सांगितलेली पत्ता भरून येणारी चिप वापरावी. जुन्या राउटरच्या किंवा भंगारातल्या लॅपटॉपच्या स्टिकरवरचा पत्ता उचलून बोर्डात घालण्याची सवय काही ठिकाणी दिसते. तो पत्ता दुसऱ्या कंपनीच्या नावावर असतो आणि ते मूळ यंत्र कोठेतरी चालूही असू शकते. हा मार्ग पूर्णपणे टाळावा.

आपल्या उदाहरणासाठी ०२:५३:४१:०१:००:२३ हा पत्ता घेऊ. यातील पहिल्या तीन जोड्या आपण सर्व बोर्डांसाठी कायम ठेवल्या आहेत, चौथी जोडी बोर्डाचा प्रकार सांगते आणि शेवटच्या दोन जोड्या बोर्डाचा क्रमांक. येथे एक गोष्ट आधीच ठरवून ठेवावी लागते. क्रमांक २३ षोडशमान पद्धतीत लिहिला तर तो १७ होतो, आणि स्टिकरवर २३ पण पत्त्यात १७ असे झाले की नोंदवही ठेवणारा माणूस आज ना उद्या गोंधळतो. स्थानिक पत्त्यांची टंचाई नसल्यामुळे दशमान क्रमांक जसाच्या तसा शेवटच्या दोन जोड्यांत लिहावा, असे माझे मत आहे. ए ते एफ ही अक्षरे त्यात वाया जातात, पण तरीही दहा हजार क्रमांक मिळतात आणि स्टिकर पाहून पत्ता सांगता येतो. विकत घेतलेल्या गटात मात्र ही चैन परवडत नाही.

बोर्डाला हात लावण्यापूर्वी नोंदवही सुरू करावी. तीत क्रमांक, मॅक अ‍ॅड्रेस, बसवल्याची तारीख आणि बसवणाऱ्याचे नाव असावे. संगणकावरील तक्ता चालेल, पण तो एकाच ठिकाणी असावा. दोन माणसे दोन तक्त्यांतून पत्ते वाटू लागली की एकच पत्ता दोनदा दिला जाण्याचा धोका पुन्हा उभा राहतो. शक्य असल्यास प्रत्येक पत्त्याचा क्यूआर कोड स्टिकरवर छापून घ्यावा. यूएसबीचा साधा स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो, त्यामुळे आज्ञेचा पहिला भाग हाताने लिहून पत्ता स्कॅन केला की तो थेट टर्मिनलच्या खिडकीत उमटतो आणि आठाच्या जागी शून्य वाचण्यासारख्या चुका संपतात.

बोर्डाशी बोलणे

यासाठी यूएसबी ते टीटीएल सिरियल केबल लागते. बहुतेक बोर्डांची पातळी ३.३ व्होल्ट असते. जुनी आरएस-२३२ केबल थेट लावल्यास बोर्ड जळू शकतो. ग्राउंडला ग्राउंड जोडावा, केबलचा टीएक्स (पाठवणारी तार) बोर्डाच्या आरएक्सला (घेणारी तार) आणि केबलचा आरएक्स बोर्डाच्या टीएक्सला जोडावा, आणि केबलमधील विजेची तार मोकळीच ठेवावी. टर्मिनलमध्ये वेग बहुधा १,१५,२०० ठेवावा लागतो, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. रॉकचिपच्या अनेक बोर्डांवर मात्र हा वेग १५,००,००० असतो, म्हणून पडद्यावर अगम्य चिन्हे दिसू लागली तर आधी वेगाकडे पाहावे.

हे काम शेडमध्ये चालू मागाशेजारी उभे राहून न करता टेबलावर करावे. कापसाचे तंतू उघड्या बोर्डावर बसतातच, शिवाय मागांच्या खडखडाटात दुसऱ्याने सांगितलेला पत्ता नीट ऐकू येत नाही.

बोर्डाला वीज दिल्यावर ‘हिट एनी की टू स्टॉप ऑटोबूट’ अशी ओळ आणि उलटी गणती दिसते. ती संपण्याआधी कोणतीही कळ दाबली की यू-बूटचा प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची ओळ) मिळतो. प्रथम सध्या काय आहे ते पाहावे:

प्रिंटएन्व्ह ईथअ‍ॅडर

यातील दुसरा शब्द ई-टी-एच-ए-डी-डी-आर असा सलग लिहायचा आहे. पत्ता नसेल तर हा शब्द ‘नॉट डिफाइन्ड’ असल्याची चूक दिसते. नवीन बोर्डासाठी ती चांगली खूण आहे. मग पुढील तीन आज्ञा क्रमाने द्याव्यात:

सेटएन्व्ह ईथअ‍ॅडर ०२:५३:४१:०१:००:२३
सेव्हएन्व्ह
रीसेट

पहिली आज्ञा पत्ता फक्त रॅममध्ये ठेवते, दुसरी तो कार्डावर, ईएमएमसीवर (बोर्डावरच्या मेमरीत) किंवा फ्लॅश चिपमध्ये लिहिते (अशा साठवलेल्या नोंदींच्या संचाला एन्व्हायर्नमेंट म्हणतात), आणि तिसरीनंतर बोर्ड नव्या पत्त्यासह उठतो. सेव्हएन्व्ह विसरले तर रीसेटनंतर पत्ता नाहीसा होतो, आणि टेबलावर चाललेला बोर्ड मागावर बसताच अडतो. दुसरे ईथरनेट पोर्ट असेल तर त्याच्यासाठी ईथ१अ‍ॅडर, तिसऱ्यासाठी ईथ२अ‍ॅडर हे शब्द असतात. पहिल्या पोर्टच्या शब्दात मात्र शून्य घालत नाहीत.

रीसेटनंतर पुन्हा प्रॉम्प्ट मिळवून बोर्डाला तात्पुरता आयपी द्यावा आणि ऑफिसातल्या संगणकाला पिंग करावे, म्हणजे हाक मारून उत्तर येते का ते पाहावे:

सेटएन्व्ह आयपीअ‍ॅडर १९२.१६८.१.१२३
पिंग १९२.१६८.१.१०

समोरचा संगणक ‘अलाइव्ह’ असल्याची ओळ आली की त्या संगणकावर एआरपीचा तक्ता (कोणत्या आयपीचा मॅक कोणता, याची यादी) उघडून १९२.१६८.१.१२३ समोर आपण दिलेलाच मॅक अ‍ॅड्रेस आहे ना, हे पाहावे. उलट दिशेने पिंग करून बोर्ड तपासू नये. यू-बूटमध्ये नेटवर्क फक्त एखादी नेटवर्कची आज्ञा चालू असेपर्यंतच जागे असते, त्यामुळे बाहेरून केलेल्या पिंगला तो उत्तर देत नाही आणि चांगला बोर्डही बिघडलेला वाटतो.

नकार आणि त्याची कारणे

पत्ता आधीच असेल तर सेटएन्व्ह बहुधा नकार देते, कारण ईथअ‍ॅडर हा शब्द यू-बूटमध्ये एकदाच लिहिण्याजोगा मानलेला आहे. हा नकार अडचणीचा वाटला तरी तो आपल्या हिताचा आहे. पत्ता बदलणे खरोखर आवश्यक असेल तर सेटएन्व्हनंतर आडवी रेघ आणि एफ लिहून जबरदस्ती करता येते. काही बोर्डांवर बांधणी करतानाच ही जबरदस्तीही बंद केलेली असते. अशा वेळी मूळ कोडच्या कॉन्फिगमध्ये एन्व्ह-ओव्हरराइट हा पर्याय चालू करून यू-बूट पुन्हा बांधावा लागतो. कारखान्यात जाणाऱ्या बोर्डांत हा पर्याय कायम चालू ठेवू नये. प्रयोगाच्या टेबलावरील एक-दोन बोर्डांपुरता तो ठीक आहे. बोर्डाच्या मूळ कोडमधील डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंटमध्येच पत्ता लिहून ठेवण्याची युक्तीही वाईट, कारण त्या कोडपासून बनलेला प्रत्येक बोर्ड मग तोच पत्ता घेऊन जन्मतो.

सेव्हएन्व्ह चालू असताना वीज गेली तर काय होते, हेही समजून घ्यावे. एन्व्हायर्नमेंटच्या सुरुवातीला सीआरसी-३२ हा तपासणीचा आकडा असतो. लिहिणे अर्धवट राहिले की तो जुळत नाही, पुढच्या वेळी ‘बॅड सीआरसी, यूजिंग डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंट’ अशी सूचना येते आणि आपण दिलेला पत्ता गेलेला असतो. भरवशासाठी यू-बूटमध्ये एन्व्हायर्नमेंटच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आहे. त्या आलटून पालटून लिहिल्या जातात, त्यामुळे एक बिघडली तरी दुसरी शाबूत राहते. हा पर्याय बोर्ड बांधतानाच चालू करावा, आणि पत्ते बसवण्याचे टेबल बॅटरी-बॅकअपवर ठेवावे. ‘एन्व्ह डिफॉल्ट’ ही आज्ञाही, आडवी रेघ आणि ए जोडून दिली की, सारे मूळ स्थितीला नेते. तिच्यामागे सेव्हएन्व्ह दिले तर साठवलेला पत्ताही पुसला जाऊ शकतो. दुरुस्तीला आलेल्या बोर्डावर ती सर्रास चालवली जाते, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला नोंदवही दिलेली असावी.

यू-बूट पत्ता कोठून घेतो

ईथरनेटचा ड्रायव्हर सुरू होताना यू-बूट आधी हार्डवेअरमध्ये, म्हणजे ईप्रॉममध्ये (वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या छोट्या चिपमध्ये) किंवा चिपच्या फ्यूजमध्ये (चिपमधील एकदाच लिहिता येणाऱ्या जागेत), पत्ता आहे का ते पाहतो आणि मग एन्व्हायर्नमेंटकडे वळतो. दोन्हीकडे पत्ते असून ते वेगळे निघाले तर ते जुळत नसल्याची सूचना छापून एन्व्हायर्नमेंटमधला पत्ता वापरला जातो. एन्व्हायर्नमेंट रिकामे असेल तर हार्डवेअरमधला पत्ता तेथे उतरवला जातो. हे धोरण लक्षात ठेवले तर पुष्कळ कोडी सुटतात: फ्यूजमध्ये योग्य पत्ता असूनही बोर्ड भलताच पत्ता सांगत असेल, तर जवळपास नेहमी कोणीतरी पूर्वी केलेले सेव्हएन्व्ह त्याच्या आड आलेले असते. तो शब्द एन्व्हायर्नमेंटमधून काढून टाकला की हार्डवेअरचा पत्ता आपोआप वर येतो.

दोन्हीकडे काहीच नसेल तर बांधणीप्रमाणे दोन गोष्टी घडतात. एक तर वैध पत्ता नसल्याची चूक येऊन नेटवर्क बंद राहते, किंवा यू-बूट यादृच्छिक पत्ता तयार करून तशी सूचना देतो. दुसरी सोय टेबलावर छान वाटते. कारखान्यात मात्र दर वेळी वीज गेली-आली की प्रत्येक बोर्ड नव्या नावाने डीएचसीपीकडे हात पसरतो, जुने आयपी मुदत संपेपर्यंत अडकून राहतात आणि उन्हाळ्यात दिवसातून अनेकदा वीज जाणाऱ्या भागात काही दिवसांतच आयपी संपू शकतात. ऑलविनरच्या चिपवरील यू-बूट मात्र चिपच्या स्वतःच्या क्रमांकावरून ०२ ने सुरू होणारा पत्ता बनवतो. तो दर वेळी तोच राहत असल्यामुळे अनेक कामांना पुरतो.

पत्ता लिनक्सपर्यंत पोहोचवणे

यू-बूटमध्ये बरोबर दिसणारा पत्ता लिनक्समध्ये वेगळा दिसणे ही सर्वाधिक आढळणारी तक्रार आहे. लिनक्स सुरू करण्यापूर्वी यू-बूट डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरील हार्डवेअरचे वर्णन असलेल्या नोंदीत) त्या ईथरनेटच्या नोंदीखाली ‘लोकल-मॅक-अ‍ॅड्रेस’ हा गुणधर्म लिहितो. कोणती नोंद कोणत्या पोर्टची, हे त्याला डिव्हाइस ट्रीतील एलियासेस (टोपणनावे) या भागावरून कळते: ईथअ‍ॅडर हा ईथरनेट० या एलियासला जातो, ईथ१अ‍ॅडर हा ईथरनेट१ ला. एलियासच नसेल तर पत्ता लिहायला जागा सापडत नाही आणि यू-बूट त्याबद्दल काही बोलतही नाही. म्हणून पत्ता हरवला की प्रथम डिव्हाइस ट्रीच्या फाइलमध्ये हे एलियास पाहावे.

लिनक्स सुरू झाल्यावर सिस-क्लास-नेट या फोल्डरखाली ईथ० च्या नावाच्या फोल्डरमध्ये ‘अ‍ॅड्रेस’ आणि ‘अ‍ॅडर-असाइन-टाइप’ या दोन फाइल असतात. दुसरीत ० असेल तर ड्रायव्हरने पत्ता कायमचा मानला आहे, १ असेल तर तो यादृच्छिक आहे, म्हणजेच यू-बूटचा पत्ता तेथपर्यंत पोहोचलेला नाही, आणि ३ असेल तर लिनक्समधल्या कोणत्या तरी प्रोग्रामने तो नंतर बदलला आहे. सिस्टमडी (लिनक्समधील सेवा सुरू करणारा प्रोग्राम) असलेल्या प्रणालींत येथे आणखी एक सापळा आहे. पत्ता यादृच्छिक असेल तर ती त्याऐवजी यंत्राच्या मशीन-आयडीवरून (कार्डावर साठवलेल्या ओळखक्रमांकावरून) स्थिर पत्ता बनवते. कार्डाची नक्कल करताना मशीन-आयडीचीही नक्कल होते, आणि मग यू-बूटमध्ये काहीही साठवलेले नसूनही चोवीस बोर्ड पुन्हा एकच पत्ता सांगू लागतात.

पुसला न जाणारा पत्ता

कार्ड बदलले, फ्लॅश पुन्हा लिहिली किंवा एन्व्हायर्नमेंट मूळ स्थितीला नेले, तरी पत्ता टिकावा असे वाटत असेल तर तो एन्व्हायर्नमेंटबाहेर असावा लागतो. माझ्या मते नवीन बोर्डाच्या आराखड्यात मायक्रोचिपच्या २४एए०२ई४८ सारखी आय२सी (चिपांना जोडणारी दोन तारांची बस) वापरणारी ईप्रॉम बसवणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. हिच्यात जागतिक पातळीवर एकमेव असलेला पत्ता कारखान्यातूनच भरून येतो आणि तो भाग पुन्हा लिहिता येत नाही. पत्ता ईप्रॉमच्या शेवटच्या सहा बाइटांत, एफए ते एफएफ या जागी असतो. यू-बूटमधून तो असा वाचता येतो:

आय२सी डेव्ह ०
आय२सी एमडी ५० एफए ६

यातील ५० हा चिपचा आय२सी पत्ता आहे आणि यू-बूट या संख्या षोडशमानच समजतो. बस क्रमांक आपल्या आराखड्याप्रमाणे घ्यावा. वाचलेला पत्ता आपोआप ईथअ‍ॅडरमध्ये यावा यासाठी बोर्डाच्या कोडमध्ये छोटी भर घालावी लागते. ती घालताना, एन्व्हायर्नमेंटमध्ये पत्ता आधीच असेल तर त्याला हात लावायचा नाही, हा यू-बूटचा संकेत पाळावा.

फ्यूजचा मार्ग परतीचा नाही. फ्यूजचे बिट ० चे १ होते, १ चे ० कधीच होत नाही. आय.एमएक्स-६ या चिपवर पत्ता चौथ्या बँकेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शब्दात बसतो: दुसऱ्यात शेवटच्या चार जोड्या, तिसऱ्यात पहिल्या दोन. आपल्या उदाहरणात ते ४१०१००२३ आणि ०२५३ असे होतील. प्रत्यक्ष जाळण्याआधी ‘फ्यूज ओव्हरराइड’ या आज्ञेने तेच आकडे तात्पुरते घालून ‘फ्यूज रीड’ने वाचून पाहावेत. ते रीसेटबरोबर निघून जातात, त्यामुळे जोड्यांचा क्रम उलटा झाला असेल तर येथेच कळते. खात्री झाल्यावरच:

फ्यूज प्रोग ४ २ ४१०१००२३
फ्यूज प्रोग ४ ३ ०२५३

दुसऱ्या चिपवर बँक आणि शब्द वेगळे असतात. चिपच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय हे आकडे वापरू नयेत. स्थानिक पत्ता फ्यूजमध्ये जाळणे मला पटत नाही, कारण पुढे हाच बोर्ड विकायचा ठरला तर विकत घेतलेला पत्ता तेथे बसवता येत नाही. वरील उदाहरण फक्त मांडणी दाखवण्यासाठी आहे.

नक्कल करण्यापूर्वी आणि बोर्ड बदलताना

मूळ कार्डाची नक्कल करणे गैर नाही, पण ते कार्ड निनावी असले पाहिजे. यू-बूटच्या प्रॉम्प्टवर ‘एन्व्ह डिलीट’, मग आडवी रेघ आणि एफ, मग ईथअ‍ॅडर असे लिहून पत्ता काढावा, सेव्हएन्व्ह द्यावे आणि एन्व्हायर्नमेंटच्या दोन प्रती असतील तर जुनी प्रतही साफ व्हावी म्हणून सेव्हएन्व्ह पुन्हा एकदा द्यावे. लिनक्समधील ईटीसी फोल्डरातली मशीन-आयडीची फाइल रिकामी करावी. ती पुढच्या सुरुवातीला नव्याने बनते. त्यानंतर बोर्ड पुन्हा चालू न करता कार्ड काढावे आणि त्याचीच प्रत ठेवावी. या प्रतीवरून केलेला प्रत्येक बोर्ड पत्ता मिळेपर्यंत नेटवर्कच्या केबलला जोडू नये.

मागावरचा बोर्ड बिघडला की नव्या बोर्डाला जुन्याचाच पत्ता देण्याचा विचार सुपरवायझरच्या मनात हमखास येतो, कारण मग ऑफिसातल्या डीएचसीपीच्या यादीत काही बदलावे लागत नाही. पण बिघडलेला बोर्ड दुरुस्त होऊन महिन्याभराने दुसऱ्या मागावर परत येतो आणि एका पत्त्याचे दोन बोर्ड पुन्हा एका स्विचवर भेटतात. नव्या बोर्डाला नोंदवहीतला पुढचा पत्ता द्यावा, डीएचसीपीच्या यादीत त्या मागासमोरचा मॅक अ‍ॅड्रेस बदलावा आणि जुन्या बोर्डाच्या ओळीपुढे तो दुरुस्तीला गेल्याची तारीख लिहावी.